काडतूस घेताना

‘पिस्तुलाचं काडतूस शहाणपणानं कसं निवडावं, हा प्रश्नच उशिरा विचारलेला आहे,’ असं शंकेखोराचं म्हणणं. ‘शहाणपण दाखवायची जागा त्याच्या किती तरी आधी येऊन गेलेली असते. घरात हत्यार आणायचं की नाही, तिथं. तो निर्णय माणसं भीतीपोटी घेतात, नाही तर रुबाबापोटी, नाही तर आजोबांचं रिव्हॉल्व्हर वारशानं आलं म्हणून. त्यात अभ्यास कुठेच नसतो. अभ्यास सुरू होतो तो त्यानंतर. गोळी किती ग्रेनची, टोक पोकळ की भरीव, पुंगळी नुसत्या पितळेची की निकेलचा मुलामा दिलेली, यावर रात्री जागवल्या जातात. गाडी चालवायला न शिकता टायर कोणत्या कंपनीचे घ्यावेत यावर वाद घालावा, तशातला हा प्रकार. आणि या अभ्यासानं एक गोष्ट मात्र नक्की होते : आपण जबाबदार आहोत, असं त्या माणसाला वाटायला लागतं.’

नेमबाजाला हा आरोप नवा नाही. ‘हत्यार असावं की नसावं, यावर आपलं एकमत होणार नाही. पण ज्याच्याकडे परवाना आहे नि हत्यार आहे, त्याला काडतूस घ्यावंच लागतं. ते चुकीचं घेतलं तर फटका त्याच्या हाताला बसतो, किंवा शेजारच्या खोलीतल्या पोराला.

‘पहिला दाखला आपल्याच दुकानातला घ्या. भारतात सामान्य परवानाधारकाला .३८, .४५५ किंवा ९ मिलिमीटरचं हत्यार मिळत नाही, ते बोअर निषिद्ध. राहतं ते मुख्यतः .३२. गिऱ्हाईक म्हणतं, “बत्तीसच्या द्या.” आता बत्तीसच्या म्हणजे कुठल्या? कानपूरच्या रिव्हॉल्व्हरला लागतं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६पासून चालत आलेलं. ईशापूरच्या “अशनी” पिस्तुलाला लागतं ते .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग, १८९९चं. गोळीची जाडी दोन्हींत जवळपास सारखी, आठ मिलिमीटरला किंचित कमी. पण पहिल्याची पुंगळी साधारण २३ मिलिमीटर लांब आणि बुडाला ठसठशीत कडा असलेली, कारण रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत काडतूस त्या कडेवर अडकून राहतं. दुसऱ्याची पुंगळी १७ मिलिमीटर, आणि कडा इतकी बारीक की नखानं चाचपल्याशिवाय कळत नाही, कारण त्याला मॅगझिनमधून सरकत वर यायचं असतं. तरीही हे पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरांच्या चक्रीत जाऊन बसतं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला अमेरिकी मानकानं दर चौरस इंचाला १५ हजार पौंडांचा दाब ठरवून दिलाय, पिस्तुलाच्या काडतुसाला साडेवीस हजारांचा. बसतंय म्हणून चालतंय, असं धरून चाललेला माणूस सत्तर वर्षांच्या विलायती रिव्हॉल्व्हरला असा दाब सोसायला लावतो, ज्याच्यासाठी ते घडवलेलंच नाही. आणि अशी जुनी रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे पुष्कळ आहेत, कारण १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी हत्यार आयात करणं जवळजवळ बंदच झालं.’

‘ठीक. नळीवर कोरलेलं वाचावं, काडतुसाच्या बुडावर कोरलेलं वाचावं, दोन्ही जुळतात का पाहावं,’ शंकेखोर मान्य करतो. ‘खोक्यावर अधिकचं चिन्ह आणि इंग्रजी “पी” असेल, तर नेहमीपेक्षा जास्त दाबाचा माल आहे हे ओळखावं आणि जुन्या हत्यारात घालू नये. याला कोण नाही म्हणतंय? पण याला निवड म्हणत नाहीत. हे साक्षरतेचं काम झालं. निवडीचा बाजार खरा भरतो अमेरिकेत. तिथं एकट्या ९ मिलिमीटरच्याच काडतुसांनी दुकानाची अख्खी भिंत भरते. ११५ ग्रेन, १२४ ग्रेन, १४७ ग्रेन, म्हणजे साडेसात ग्रॅमपासून साडेनऊ ग्रॅमपर्यंत. त्यात खोक्यावरची नावं अशी की विकायला गोळी ठेवलीय की दरारा, ते कळू नये.

‘१९९१मध्ये विंचेस्टर कंपनीनं “ब्लॅक टॅलन” आणली. काळा पंजा. पोकळ टोकाची गोळी, फुलली की तिच्या आवरणाच्या अणकुचीदार पाकळ्या व्हायच्या, आणि वर काळा लेप. त्या लेपाचं काम गोळी नळीतून सुरळीत सरकावी एवढंच. जखमेशी त्याचा काही संबंध नव्हता. पण काळा रंग आणि नाव, दोन्ही मिळून माल खपला. १ जुलै १९९३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्निया स्ट्रीटवरच्या १०१ क्रमांकाच्या इमारतीत एका बंदूकधाऱ्यानं आठ माणसं मारली. त्याच्याकडच्या काडतुसांत ही होती. देशभर गदारोळ झाला आणि वर्ष संपायच्या आत कंपनीनं ती सामान्य गिऱ्हाइकांना विकणं थांबवलं. पोलिसांना मात्र ती मिळत राहिली. त्याच धाटणीची गोळी पुढं दुसऱ्या नावानं, काळ्या रंगाशिवाय आली नि कुणी ओरडलं नाही. म्हणजे गिऱ्हाइकानं निवडलं ते नाव, आणि समाजानं धिक्कारलं तेही नावच. यात शहाणपणानं घेण्याजोगं नेमकं काय होतं?’

नेमबाज इथं आवाज चढवत नाही. ‘नाव बाजूला ठेवा. पोकळ टोक का, एवढंच बघू. कठीण कवचाची भरीव गोळी अंगातून आरपार जाते आणि पलीकडे उभ्या असलेल्यालाही लागते. पोकळ टोकाची गोळी आत शिरताना फुलते, वेग गमावते आणि बहुधा आतच थांबते. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस भरीव गोळी सोडून पोकळ टोकाची घेतली, ती याच कारणानं. गर्दीच्या शहरात आरपार गेलेली गोळी दुसऱ्या कुणाला तरी शोधते.’

‘आणि हीच फुलणारी गोळी १८९९च्या हेग जाहीरनाम्यानं युद्धात बंद केली,’ शंकेखोर लगेच जोडतो. ‘तिचं जगभर गाजलेलं नावच आपल्या कोलकात्याशेजारच्या डमडमच्या कारखान्यावरून पडलेलं. शत्रूच्या सैनिकावर जी झाडणं रानटीपणाचं ठरलं, ती शहरात संशयितावर झाडणं जबाबदारीचं ठरतं. तुमचं कारण मला कळतं. पण ते कारण त्या गोळीच्या समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाही, मागं उभ्या असलेल्याचं आहे. खोक्यावर “सुरक्षित” हा शब्द वाचताना कुणासाठी सुरक्षित, हे विचारायला हवं.’

‘विचाराच,’ नेमबाज म्हणतो. ‘त्या प्रश्नाची मापं काढणारी परंपरा आहे म्हणून तर मी निवडीची बाजू घेतोय. ११ एप्रिल १९८६. मायामीत एफबीआयच्या पथकाची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मेले, पाच जखमी झाले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच ९ मिलिमीटरची गोळी लागली होती. ती त्याच्या दंडातून छातीत शिरली, ठरल्याप्रमाणे फुलली, आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. जखम जीवघेणी होती, पण त्यानंतरही तो लढत राहिला आणि त्या अवधीत माणसं मेली. एफबीआयनं त्यातून चाचणीची पद्धत उभी केली. वजनानं दहा टक्के जिलेटिनचा ठोकळा, चार अंश सेल्सिअसला थंड केलेला. आधी त्यात ठरावीक वेगानं पोलादी छर्रा मारून ठोकळा बरोबर जमलाय का ते पाहायचं. मग गोळी झाडायची : नुसत्या ठोकळ्यावर, जाड कपड्यांआडून, पत्र्याआडून, जिप्समच्या भिंतीआडून, प्लायवूडमधून, गाडीच्या काचेतून. गोळी किमान १२ इंच आत गेली पाहिजे, १८च्या पुढं जाऊ नये. काळा लेप आणि पंज्याचं नाव त्या ठोकळ्याला कळत नाही. गिऱ्हाइकाला घरी ही चाचणी करता येत नाही, पण तिचे आकडे वाचता येतात. नाव विकणारा आणि माप दाखवणारा, यांतला फरक त्याला तेवढ्यानं कळतो.’

शंकेखोर ही हकीकत पुढं नेतो, नेमबाज थांबला तिथून. ‘मग त्या मापांचं काय झालं, तेही सांगा ना. ९ मिलिमीटर कमी पडली म्हणून एफबीआय १० मिलिमीटरकडे गेली. तिचा धक्का एजंटांना झेपेना, म्हणून तिचा भार हलका केला. हलका केल्यावर एवढी लांब पुंगळी कशाला, म्हणून १९९०मध्ये आखूड पुंगळीचं .४० स्मिथ अँड वेसन आलं आणि अमेरिकाभरच्या पोलिसांनी ते उचललं. २०१४-१५च्या सुमारास तीच एफबीआय परत ९ मिलिमीटरवर. त्याच्याही आधी १९०४मध्ये अमेरिकी लष्करानं शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर आणि वैद्यकीय प्रेतांवर गोळ्या झाडून पाहिल्या, आणि .४५च्या खाली जाऊ नका असा निकाल दिला. पुढं १९८०च्या दशकात त्याच लष्करानं ९ मिलिमीटरचं पिस्तूल स्वीकारलं. प्रयोगशाळा, सरकारी पैसा आणि मेलेल्या सहकाऱ्यांची आठवण, एवढं सगळं पाठीशी असूनही जिथं निकाल दर पिढीला पालटतो, तिथं काउंटरवर उभा असलेला मास्तर किंवा किराणावाला काय कपाळ निवडणार?’

‘निकाल पालटला, कारण गोळी पालटली,’ नेमबाज सांगतो. ‘१९८६ची ९ मिलिमीटर आणि २०१४ची ९ मिलिमीटर यांच्यात घडणीचा मोठा फरक आहे. नव्या गोळ्या त्याच ठोकळ्यात पुरेशा खोल जातात आणि फुलतातही. त्या चाचण्यांत वेगवेगळ्या बोअरांच्या चांगल्या गोळ्यांत फरक फार थोडा निघाला. मग धक्का कमी, मॅगझिनमध्ये काडतुसं जास्त, भाव कमी, हत्याराची झीज कमी, आणि एजंटांचा नेम जास्त बरोबर, या बाजूनं पारडं झुकलं. एफबीआयनं तेव्हा मांडलेल्या कारणांत एक वाक्य असं होतं, जे प्रत्येक गिऱ्हाइकानं वाचायला हवं : प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतात.’

शंकेखोराला हवा होता तो आकडा त्याच्या हाती आपसूक आला. ‘दहातल्या सात-आठ! तेही पगार घेऊन सराव करणाऱ्यांच्या. म्हणजे सगळा अभ्यास करून, मापं वाचून, उत्तम म्हणून घेतलेली गोळी बहुतेक वेळा जाणार कुठं? भिंतीत. मग भिंतीचीच चर्चा करू. अमेरिकेतल्या घरात दोन खोल्यांमध्ये पातळ जिप्समचे फळे असतात. पोकळ टोकाची गोळी त्यातून जाताना तिच्या पोकळीत भुकटी गच्च भरते, आणि मग ती फुलत नाही. भरीव गोळीसारखीच पलीकडे निघून जाते. मागच्या माणसासाठी म्हणून जिचं कौतुक केलं, ती नेमकी मागच्या माणसाच्या बाबतीत बेभरवशाची. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या सदनिकेत विटेची किंवा काँक्रीटची भिंत असते. तिथं गोळी आरपार जाणं अवघड, पण उसळून परत येणं शक्य. आणि दार लाकडाचं, खिडकी काचेची. यातलं काही खोक्यावर छापलेलं नसतं.’

‘नसतंच,’ नेमबाज म्हणतो, ‘म्हणून पैसे कुठं घालायचे हा खरा निर्णय आहे. अमेरिकेतला समजूतदार गिऱ्हाईक दोन प्रकारची काडतुसं घेतो. सरावासाठी साधी, तांब्याच्या पूर्ण कवचाची, स्वस्त, आणि पुष्कळ. जवळ बाळगण्यासाठी महागडी, आणि थोडी. दोन्हींचं वजन एकच ठेवतो, म्हणजे धक्का सारखा बसतो आणि गोळी कागदावर त्याच जागी लागते. महागडी काडतुसं खोक्यात जपून ठेवत नाही. त्यांतली पुरेशी आपल्याच पिस्तुलातून झाडून बघतो. जुन्या घाटणीची कित्येक पिस्तुलं गोल टोकाच्या भरीव गोळीसाठी बनवलेली असतात. त्यांत पोकळ टोक नळीच्या तोंडाशी अडकतं. जगातली उत्तम गोळी तुमच्या पिस्तुलात अडकत असेल, तर ती तुमच्यासाठी वाईट गोळी. मेळ्यात थैलीत भरून विकायला ठेवलेली, कुणीतरी घरी पुन्हा भरलेली काडतुसं तो घेत नाही, कारण दारू किती घातलीय ते भरणाऱ्यालाच ठाऊक. खोक्यावरचा लॉट नंबर टिपून ठेवतो. उद्या कंपनीनं सदोष माल परत मागवला, तर तोच नंबर कामाला येतो.

‘आणखी एक गोष्ट दाखवतो, ती खोक्यावर कधीच नसते. रोज सकाळी पिस्तूल भरायचं, रात्री रिकामं करायचं, अशी सवय असलेल्या माणसाच्या मॅगझिनमधलं सगळ्यात वरचं काडतूस काढा. त्याच खोक्यातलं एक न वापरलेलं काडतूस शेजारी, बुडावर उभं करा. दोन्ही डोळ्यांच्या रेषेत आणून बघा. वापरलेलं केसभर बुटकं दिसेल. रोज नळीच्या उतारावर आपटून गोळी पुंगळीत मागं दबत गेलेली असते. आतली जागा कमी झाली की बार उडताना दाब वाढतो. काडतूस चांगलं होतं, निवड चांगली होती. बिघडवलं ते हाताळणीनं. म्हणून ते बाजूला काढायचं आणि वरचं काडतूस रोज बदलत राहायचं. सरावात बार उडण्याऐवजी नुसता फुस्स आवाज झाला, तर दुसरा बार काढायचा नाही. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. चाप ओढूनही काहीच झालं नाही, तर तोंड निशाण्याकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं. बार उशिरानं उडू शकतो. काडतूस शहाणपणानं घेणं म्हणतात त्याचा अर्धा भाग हा असा, घेतल्यानंतरचा असतो.’

यावर शंकेखोर जरा नरमतो, पण सोडत नाही. ‘हे सगळं त्या देशाचं झालं, जिथं पन्नासाच्या खोक्याला कुणी खोकं म्हणत नाही, हजाराची पेटी घेतात. आपला परवानाधारक बघा. त्याच्या परवान्यावरच लिहिलेलं असतं, एका वेळी किती बाळगायची आणि वर्षभरात किती घ्यायची. प्रत्येक खरेदीची नोंद. तो ती काडतुसं उडवेल कशाला? एकेक जपतो. जपतो म्हणजे काय करतो, तर आजोबांच्या चामडी पट्ट्यात खोचून कपाटात टांगतो. कोकणातला पावसाळा, चामड्यातलं आम्ल आणि पितळ, यांची गाठ पडली की दोन-तीन वर्षांत पुंगळीवर हिरवट मळ चढतो. तिथं तुमचा १२४ ग्रेन आणि जिलेटिन काय करणार? निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा, निकालानंतर परत. काडतुसं तीच. २०१४च्या जानेवारीत कानपूरच्या कारखान्यानं बायकांसाठी म्हणून “निर्भीक” हे अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं .३२ रिव्हॉल्व्हर आणलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. किंमत परवडली म्हणून सरावही परवडतो असं नाही. सराव करायचा कुठं? किती जिल्ह्यांत रेंज आहे? घेणाऱ्याला निवड नाही, सराव नाही, आणि हातात सहा गोळ्या.’

‘म्हणून आपल्याकडचं शहाणपण वेगळं,’ नेमबाज म्हणतो. ‘ते निवडीपेक्षा राखण्यात आहे. चामडी पट्टा फेकून द्या. कोरडा, झाकण घट्ट बसणारा डबा, आत ओल शोषणारी पुडी. काडतुसांना तेलाचा हात लावू नका. पातळ तेल बुडाच्या टोपीतून आत झिरपलं की काडतूस मरतं. हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. हाताशी जुनी काडतुसं असताना नवी घेतली, तर जुनी क्लबात जाऊन उडवा आणि नवी ठेवा, उलट करू नका. परवान्यावरची संख्या आणि डब्यातली संख्या महिन्याला जुळवा. आणि प्रवासाला निघताना बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करा. विमानतळावर क्ष-किरणात एक विसरलेलं काडतूस दिसलं की गुन्हा दाखल होतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७२मध्येच गुणवंतलाल प्रकरणात म्हटलंय की बाळगणं हे जाणीवपूर्वक असावं लागतं. पण ती जाणीव नव्हती हे पटवून देता देता वर्षं जातात. राहिला प्रश्न गुणवत्तेचा. दारूगोळ्याचा कारखाना आपल्या खडकीत १८६९पासून आहे. २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचा तो भाग. देशातल्या परवानाधारकाच्या हातातल्या काडतुसाच्या बुडावर बहुतेक वेळा खडकीची “केएफ” ही अक्षरं असतात. गिऱ्हाइकाला निवड नाही हे खरं, पण त्यामुळे काळ्या पंज्याची भुरळही नाही.

‘आणि निवडीचा खरा कस बघायचा असेल, तर पंचवीस मीटरच्या स्पोर्ट्स पिस्तुलाकडे बघा. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१३मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत सोनं घेतलं, ते याच प्रकारात. तिथं .२२ लाँग रायफल काडतूस लागतं, १८८७चं. याची आग लावणारी दारू बुडाच्या कडेत भरलेली असते. ती कडेभर सारखी पसरली नाही, तर बार फुकट जातो. म्हणून नेमबाज ब्रँड बघतो, लॉट बघतो. एकाच कारखान्याच्या दोन लॉटांत फरक पडतो. आपल्या हत्याराला कुठला लॉट मानवतो हे झाडून ताडतो आणि मग तोच भरून ठेवतो. गोळी आवाजाच्या वेगाच्या खालीच पळावी, धक्का रोज तोच असावा, एवढंच त्याला हवं. दरारा कुणाला नकोय.’

शंकेखोर इथं मुद्दा बारीक करतो. ‘तुमचा सगळ्यात चोख दाखला तोच निघाला, जिथं गोळी माणसासाठी नाही. तिथं निवडीची प्रत्येक कसोटी मोजता येते. कागदावर भोकं कुठं पडली, किती बार फुकट गेले, संपला हिशेब. गोळी माणसासाठी घेतली की गिऱ्हाईक स्वतः मोजू शकतो अशा तीनच गोष्टी उरतात : बोअर जुळतं का, पिस्तुलात अडकतं का, कागदावर कुठं लागतं. बाकीचं दुसऱ्याच्या ठोकळ्यावर विश्वास ठेवून. आणि जे सगळ्यात मोठं आहे, त्या क्षणी हात काय करेल, अंधारात समोर कोण असेल, ते तर कुणालाच मोजता येत नाही. माझा आक्षेप मी सुधारून मांडतो. अभ्यास करू नका, असं मी म्हणत नाही. मोजता येणाऱ्याचा अभ्यास न मोजता येणाऱ्याची भीती झाकतो, असं म्हणतो.’

‘कबूल,’ नेमबाज म्हणतो. ‘पण तो हिशेब दोन्ही देशांना लावा. अमेरिकेत १९६८च्या कायद्यानं परवानाधारक दुकानदाराला पिस्तुलाचं काडतूस २१ वर्षांखालच्याला विकता येत नाही. पण विक्रीच्या नोंदी ठेवायचं बंधन १९८६मध्ये काढून टाकलं. बहुतेक राज्यांत पेटी घरपोच येते. कॅलिफोर्नियानं २०१९मध्ये काडतुसाच्या प्रत्येक खरेदीआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायला सुरुवात केली, आणि तो वाद न्यायालयात गेला. २०२०ची साथ आली तेव्हा लोकांनी दुकानं रिकामी केली. वीस सेंटच्या आसपासची ९ मिलिमीटर तिप्पट-चौपट भावाला गेली. ज्यांना सरावाला हवी होती त्यांना मिळेना, आणि ज्यांच्या तळघरात पेट्या होत्या त्यांनी त्या फोडल्या नाहीत. ते शहाणपण नव्हतंच, ती साठेबाजी. तरीही तिथं एक गोष्ट शक्य आहे : सामान्य माणूस शंभर काडतुसं उडवून हात बसवू शकतो. आपल्याकडे प्रत्येक काडतूस वहीत आहे, पण हात बसलेला माणूस दुर्मीळ. २०१६च्या शस्त्र नियमांनी परवान्याआधी सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं केलं. चांगलं केलं. पण ते एकदा. परवाना त्यानंतर वर्षानुवर्षं चालतो आणि हात तेवढीच वर्षं गंजतो. म्हणून माझं सरळ मागणं आहे. क्लबात, नोंदणी करून, तिथंच उडवायची आणि पुंगळ्या तिथंच परत द्यायची काडतुसं कोट्यात धरू नका. नूतनीकरणाच्या वेळी किती काडतुसं बाळगली हे विचारता, तसं किती उडवली तेही विचारा.’

‘मला त्यातला शेवटचा भाग मान्य आहे, पहिला नाही,’ शंकेखोर म्हणतो. ‘किती उडवली हे विचारा आणि ज्यानं एकही उडवलं नाही त्याचं नूतनीकरण थांबवा, म्हणजे परवाने कमी होतील. तुम्हाला काडतुसं वाढवायचीत, मला परवाने घटवायचेत. आणि तुमच्या क्लबच्या वहीवर माझा विश्वास बसायला वेळ लागेल. उडवली म्हणून लिहिलेली नि न उडवलेली काडतुसं जातील कुठं, हे लग्नाच्या वरातीत आकाशाकडे बार काढणाऱ्यांना विचारा. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत त्या प्रकारासाठी वेगळी शिक्षा घालावी लागली, ती उगाच नाही. वर जिथं क्लबच नाही, त्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानं काय करायचं? त्याचा परवाना सराव नाही म्हणून काढून घ्याल, की रेंज नाही म्हणून सूट द्याल?’

‘सूट नाही,’ नेमबाज म्हणतो. ‘रेंज द्या.’

‘कोण देणार? सरकार रेंज बांधून देईल, तर हत्यार बाळगण्याला ते उत्तेजन होईल. नाही बांधली, तर ज्याच्या हाताची खात्री नाही अशाला परवाना देत राहील. तुम्ही म्हणता पहिलं परवडलं. मी म्हणतो तिसरं काही आहे का ते आधी बघा, म्हणजे ज्याला हात बसवता येत नाही त्याला परवानाच देऊ नये.’

‘त्या शेतकऱ्याच्या पिकात रात्री रानडुकरं शिरतात. त्याच्याकडे बहुधा बारा बोअर असते, पिस्तूल नसतं,’ नेमबाज आठवण करून देतो. ‘तुमचा नियम त्याला लावायचा की फक्त पिस्तुलवाल्याला, हे आधी सांगा.’

शंकेखोर ते तिथल्या तिथं सांगत नाही. बंदूक आणि पिस्तूल यांना वेगळा नियम लावायचा, तर परवाना कशासाठी घेतला हे तपासावं लागेल. ते कारण आज अर्जावर एका ओळीत लिहिलं जातं, आणि नूतनीकरणाच्या वेळी ते अजून खरं आहे का, हे कोण आणि कसं बघणार, इथं दोघं नव्यानं भांडायला लागतात.